सोमवारच्या आत

नागपूर, ६ फेब्रुवारी २०२४

ती. दीपाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनच केला असता, पण इथं बाबा बाजूलाच बसून राह्यते अन् तुह्या सासरी फोन स्पीकरवर राह्यते. म्हणून राळेगावले निघालेल्या शामच्या हाती पत्र धाडून राह्यलो. एकटीच वाच.

मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, हे तुले माहीत आहे. सोमवारपासून किमो. पण डॉक्टरीणबाईनं मले बाजूला घेऊन सांगतलं, या औषधानं पुढं लेकरू होण्यात अडचण येऊ शकते, तवा त्याआधी वीर्य गोठवून ठेव. बाबा म्हणे, आधी जीव वाचव, हे चाळे कायले? अन् गावात, आर्णीत कळलं तं पोरगी कोण देईन?

तरी आज त्या गोठवायच्या दवाखान्यात गेलतो. बाकड्यावर बसलो, माहं नाव पुकारलं, अन् मी पायऱ्या उतरून सरळ रस्त्यावर. दिवसभर भटकलो, पाय थांबेचनात. चोवीस वर्षाचा मी, लग्नाचा पत्ता नाही, अन् लेकराची तजवीज करू? सांग, काय करू.

तुहा लहाना,
इंद्रजित

राळेगाव, ८ फेब्रुवारी २०२४

चि. इंद्रजितास,
ताईचा जयभीम अन् आशीर्वाद.

न्हाणीत कडी लावून पत्र वाचलं. आधी हसली. ट्रॅक्टरचं अख्खं इंजिन खोलणारा तू, नमुन्याच्या एका डबीले भिऊन पळाला! मग रडू आलं.

एक गोष्ट तुले कधी सांगतली नाही. माह्या लग्नाले सहा वर्षं झाली, लेकरू नाही. सासूबाईपासून बाजारातल्या भाजीवालीपर्यंत सगळ्या मलेच विचारतात. माह्या तपासण्या चांगल्या निघाल्या. तुह्या भाऊजीच्या तपासणीचं नाव काढलं का ते जेवणावरून उठतात. म्हणजे कसूर माहाच. उद्या तुही बायको येईन. तिले हे ऐकावं लागू नये म्हणून जा. लेकरासाठी नाही, तं तिच्यासाठी जा.

बाबाचं मी पाह्यते. किमोच्या आधी आता शनिवारच उरला, तो हातचा जाऊ देऊ नको.

रागावली तरी तुहीच,
ताई

नागपूर, ११ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

काल गेलो. लहानशी खोली, एक खुर्ची, बेसिन. बाहेर कोणाचा तरी मोबाईल वाजून राह्यलता. पहिल्यांदा जमलंच नाही. बाहेर येऊन पाणी प्यालो. नर्सबाई म्हणाल्या, घाई नाही, पुष्कळ पोरायचं असंच होते. दुसऱ्यांदा जमलं.

मग फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, मी मेलो तं नमुन्याचं काय करायचं. कॅन्सर झाला हे मले तवा खरं वाटलं, ताई. मग 'नष्ट करावा' लिहिलं अन् सही केली.

बाबा खाली रसवंतीपाशी उभे होते. तू त्यायले काय बोलली, माहीत नाही. त्यायनं रसाचा गिलास पुढं केला. उद्या सोमवार.

माया असू दे.
इंद्रजित

आर्णी, २३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

परवाची तपासणीही साफ आली. तरी दर तपासणीच्या आधी आठ दिवस मी घरात येरझारा घालत राह्यतो. शुक्राणू अजून नावालेच आहे. गोठवून ठेवले तेच भरवशाचे.

आज दारव्ह्याले सुमेधा नावाची पोरगी पाह्याले गेलतो. चहा यायच्या आधीच बाबा उभे राह्यले. मले वाटलं, निघून राह्यले. ते पोरीच्या बापाले म्हणाले, माह्या पोराले कॅन्सर झालता, आता बरा आहे. लेकरू होईन का नाही, सांगता येत नाही. नाही झालं तं कसूर तुमच्या पोरीचा नाही, हे आजच चार माणसांत सांगून ठेवतो. माह्या दीपाच्या वेळी मी गप राह्यलो.

ताई, मले वर पाह्यणं झालं नाही.

पोरीकडल्यायचा निरोप अजून आला नाही. पण बाबा घरी आल्यापासून राळेगावच्या गाडीची वेळ विचारून राह्यले. हे पत्र त्यायच्याच हाती देतो. तू वाचशीन तवा ते भाऊजीसमोर बसले असतीन. मधात पडू नको. बोलू दे त्यायले.

तुहा,
इंद्रजित