पाच शे, पाचशे नव्हे

मी, झुलाल झिपरू भदाणे, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय करसल्लागार, राहणार स्टेशन रोड, चाळीसगाव, जिल्हा जळगाव, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते आज कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. विवरणपत्रांची मुदत परवा संपायची होती, ती ऐनवेळी एक दिवस वाढली, म्हणून हे मृत्युपत्रही एक दिवस लांबले. काल रात्रीपर्यंत ज्याने दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या त्याच्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. शरीराची गोष्ट वेगळी. घशात गाठ आहे आणि येत्या सोमवारी धुळ्याला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, जीव राहील, आवाजाचे सांगता येत नाही.

कागद साधा आहे, कारण मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. हे मुद्दाम लिहितो. माझी मुलगी दिपमाला कर भरण्याच्या भानगडींवर 'वजावटे आणि मंडळी' ही कार्टून मालिका काढते. मोबाइलवर दिसते, दर भाग अकरा मिनिटांचा. तिच्या बाविसाव्या भागात मृत्युपत्र स्टॅम्पवर लिहिलेले असून वर लाखेचे सील आहे. प्रत्येक भागाची संहिता आधी मी तपासायचो, लाल पेनाने. तेव्हा समासात 'चूक' असा शेरा मारला होता. ती म्हणाली, "नाना, साधा कागद दाखवला तर लोकांना किराण्याची यादी वाटेल." सील तसेच राहिले.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी सुगंधाबाई हिला देत आहे. हे तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही मरशात तव्हय दखसूत, आते चहा पी ल्या." 'मराल तेव्हा पाहू', ही तिची संमती समजावी.

कलम २. गावाकडची शेती वडिलोपार्जित आहे. तिच्यात कायद्याने ज्याचा जो हिस्सा आहे तो आहे, मी शहाणपणा करत नाही.

कलम ३. स्टेशन रोडवरच्या इमारतीचा तळमजला, म्हणजे माझे ऑफिस आणि शेजारचे ठिबकच्या नळ्यांचे दुकान, मुलगा ज्ञानेश्वर याला देत आहे. मुलगा कष्टाळू आहे, आईला दवाखान्यात नेतो, मला चष्मा शोधून देतो. पण गेल्या श्रावणात मला ताप असताना त्याने माडीवर जाऊन टेपने मापे घेतली. खोलीची घेतली, माझी नव्हेत, असे तो शपथेवर सांगतो. त्याला तिथे नळ्यांचे गोदाम करायचे आहे. "नाना, ती चित्रं काय, कुठंही बसून काढता येतात," असे तो म्हणतो. नळ्याही कुठेही ठेवता येतात, बाळा.

कलम ४. तीच माडीवरची खोली मी दिपमाला हिला देत आहे. तिथे ती आणि तिच्या हाताखालची दोन मुले सहा वर्षे वजावट्यांचे घर काढत बसली आहेत. जिना दुकानातून जातो. त्या जिन्यावर कोणीही नळ्यांची वेटोळी ठेवू नयेत, एकही नाही, "फक्त आजच्या दिवस" नाही. ज्ञानेश्वर, हे तुझ्यासाठी आहे.

इथे खुलासा करणे भाग आहे, कारण ज्या मुलीशी मी अकरा महिने बोललो नाही तिलाच खोली का दिली, असे भाऊबंद विचारतील.

दिपमाला सनदी लेखापाल व्हावी म्हणून मी तिला पुण्याला पाठवले. ती दोन परीक्षा पास होऊन, शेवटच्या तिसरीच्या आधी घरी आली आणि म्हणाली, "नाना, मला आयकराचा कायदा इतका हसवतो की पेपरात काय लिहावं सुचत नाही." मी चिडलो. मग तिने एक चित्र दाखवले. डोईवर टोपी, नाकावर चष्मा, हातात लाल पेन. ते होते आबा वजावटे. आवाज कोणाचा द्यायचा हे विचारायची गरज राहिली नाही.

पहिल्याच भागात घोटाळा झाला. साहेब विचारतात, उत्पन्न किती लाख? आबा आपल्या अहिराणीत उत्तर देतात, "पाच शे." म्हणजे पाच आहे. खाली अक्षरे लिहिणारा मुलगा मुंबईचा. त्याने लिहिले, "पाचशे." आबा एका रात्रीत पाचशे लाखांचे धनी झाले. भाजी बाजारात लोक मला वाकून नमस्कार करू लागले. मी म्हटले, दुरुस्त कर. दिपमाला म्हणाली, "नाना, लाखभर माणसं हसली." तेव्हापासून दर भागात कोणी ना कोणी विचारतेच, "आबा, पाच शे का पाचशे?" मी वरून चिडत असे. आज कबूल करतो, मला ते फार आवडायचे.

बाकीच्या चुका मात्र खरोखर टोचत. वजावट्यांचा नातू सहा वर्षे चौथीतच आहे. वर्ष बदलते, दर बदलतात, याच्या चड्डीची नाडीसुद्धा बदलत नाही. काल विहिरीत पडलेला माणूस पुढच्या भागात कोरडा. नोटीस पोस्टमन आणतो, जी हल्ली ई-मेलवर येते. साध्या तीन हजारांच्या फरकासाठी अधिकारी येऊन गादी फाडतात. आणि अपील अकरा मिनिटांत निकाली निघते! माझ्या एका पक्षकाराचे अपील चालू असताना त्याला नातू झाला आणि तो नातू खराच चौथीत गेला. यावर दिपमालाचे ठरलेले उत्तर असे: "गोष्टीला दारात उभा राहणारा माणूस लागतो, नाना. ई-मेल दारात उभा राहत नाही."

गादीपर्यंत मी सोसले. एक्केचाळिसाव्या भागात तिने दारात 'वारसा कर' वसूल करणारा साहेब उभा केला. काळा कोट, हातात फीत, मेलेल्या माणसाचे घर मोजतो. मी लाल पेनाने लिहिले, 'चूक. असा कर १९८५ साली गेला.' ती म्हणाली, "एकदाच, नाना. शेवटी सगळं पहिल्यासारखंच होतं ना." मी बडबडलो, आणि माइकसमोर बसून आबांचे वाक्य म्हटले, "माणूस मेला की घरावर कर लागतो, पोरांनो." हात चूक म्हणाला आणि तोंड तेच बोलले. ही माझी करणी, तिची एकटीची नव्हे. हे अकरा महिन्यांत आज प्रथम लिहितो आहे.

आठ दिवसांनी बेबाबाई नावाची बाई ऑफिसात आली. धुळे तालुक्यातल्या खेड्यावरची, नवरा नुकताच गेलेला, मूलबाळ नाही. पिशवीत बक्षीसपत्र तयार, फक्त अंगठा बाकी. म्हणाली, "भाऊ, आबानी सांगं, मानूस मरना का घरवर कर लागस. मी जित्ती शे तव्हयच घर पुतन्याना नावे करी देऊ का?"

मी म्हटले, "अक्का, आबा चुकना. असा कर नही शे."

"आबा चुकाव नही," बाई ठामपणे म्हणाली. "तुम्ही कोन?"

बेचाळीस वर्षांची पाटी डोक्यावर लटकत होती. मी कायद्याचे पुस्तक उघडले, बोट ठेवून दाखवले. बाई पुस्तकाकडे बघेना. शेवटी मी चष्मा नाकावर ओढला, पेन वर धरले आणि म्हटले, "अक्का, मी आबा बोली ऱ्हायनू. पाच शे, पाचशे नही. घर तुन्हं शे, तुन्हंच ऱ्हाई."

बाई आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "मंग पह्यलेच सांगनं व्हतं, आबा!" बक्षीसपत्र तिने माझ्या टेबलावर फाडले.

त्या संध्याकाळी मी माडीवर गेलो आणि दिपमालाला नाही नाही ते बोललो. म्हणालो, "आजपासून मी आबा नाही." तिने तो भाग त्याच रात्री काढून टाकला होता. मला सांगितले नाही, मी विचारले नाही, तीन महिन्यांनी ज्ञानेश्वरकडून कळले. तोवर दोघांचीही मान ताठ झाली होती. तिने दुसऱ्या कोणाचा आवाज आबांना लावला नाही. आबा धुळ्याला लग्नाला गेले आहेत, असे मालिकेत सांगितले जाते. अकरा महिने! मी एकदा चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली, 'लग्न इतके चालत नाही. चूक.' उत्तर आले नाही. पण वरची खुर्ची बराच वेळ सरकत होती, ती मी खाली बसून ऐकली.

कलम ५. लाल पेन आणि शिल्लक दोन रिफिली दिपमालाला. त्यासोबत एकच अट. वजावटे हवेत उडाले, गादीतून हत्ती निघाला, नोटीस गाढवाने आणली, माझी हरकत नाही. नातू चौथीतच म्हातारा झाला तरी चालेल. पण आबांच्या तोंडी जो आकडा, जी तारीख आणि जो कायदा येईल तो खरा असला पाहिजे. तुझ्या गोष्टीतला साहेब दारात उभा राहतो हे खरे, पण बेबाबाईही माझ्या दारात उभी राहिली.

कलम ६. माझा मित्र पितांबर गेली वीस वर्षे माझ्या कॅरम बोर्डावर डोळा ठेवून आहे. मालिकेतला चिक्कू शेजारी आपल्यावरून काढला असा त्याचा आरोप आहे. तो खरा आहे. पितांबरला मी या मृत्युपत्राचा साक्षीदार केले आहे. साक्षीदाराने लाभ घेणे बरे दिसत नाही, म्हणून कॅरम बोर्ड ज्ञानेश्वरला.

कलम ७. आता आवाज. ज्ञानेश्वर म्हणतो, हल्ली कॉम्प्युटर कोणाचाही आवाज काढतो. त्याने माझ्या जुन्या भागांवरून काढून दाखवला. अगदी हुबेहूब, मलाच नमस्कार करावासा वाटला. मी म्हटले, त्याला 'पाच शे' म्हणायला सांग. तो म्हणाला, "पाचशे." सात वेळा सांगितले, सातही वेळा पाचशे. यंत्रही मुंबईचेच निघाले.

म्हणून गेले पंधरा दिवस दुपारी शटर अर्धे ओढून मी स्वतः बोलून ठेवले आहे. शून्य ते नव्व्याण्णव सगळे आकडे, मग शंभर, हजार, लाख, कोटी. टक्के. बारा महिने. 'मुदत वाढली' आणि 'मुदत वाढली नाही', दोन्ही. 'शे' आणि 'नही शे'. 'चूक', 'बरोबर', 'मंजूर'. तीन तऱ्हांचे हसणे आणि दिपमाला कायम मागायची ती एक शिंक. सरकार दर फेब्रुवारीला दर बदलते. पुढच्या एप्रिलपासून तर कायदाच नवा येतो आहे. मी नसलो तरी आबांना खरा आकडा सांगता यावा, एवढ्यासाठी हे केले. पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. दिपमाला, आकडे जोडताना एक लक्षात ठेव. 'पाच' आणि 'शे' यांच्यामध्ये माझा श्वास आहे. तो कापू नकोस. तो कापलास तर पाचशे होतील.

आणि आबांना मारू नकोस. कार्टूनमधली माणसे म्हातारी होत नाहीत, याबद्दल मी तुझ्याशी सहा वर्षे भांडलो. या एका माणसापुरती ती चूक मला मंजूर आहे.

कलम ८. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरीही कलम ७ सोमवारच्या आत लागू व्हावे अशी माझी इच्छा आहे. शेरा: कायद्यात बसत नाही. चूक. मंजूर. मूळ कागद ज्ञानेश्वरच्या तिजोरीत राहील. प्रत सुगंधाबाईकडे दिली असून कोणाला दाखवू नकोस अशी सक्त ताकीद केली आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा दिवेलागणीपर्यंत ती माडीवर पोचेल.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले, आणि मुदतवाढ न मिळाल्यास शेवटचे.

स्थळ: चाळीसगाव
दिनांक: १७ सप्टेंबर २०२५, बुधवार

लिहून ठेवणार: (सही) झुलाल झिपरू भदाणे

साक्षीदार १: (सही) पितांबर. झुलालने माझ्यासमोर सही केली. सही करताना डोळे पुसत होता. विचारले तर म्हणाला, आत कांदा चिरत आहेत. तथ्य तपासले. आत कोणी कांदा चिरत नव्हते.

साक्षीदार २: (सही) डॉ. योगराज. यांना तपासले. समज पूर्ण शाबूत, बोलणे स्पष्ट. 'पाच शे' तीन वेळा म्हणवून घेतले.

(सुगंधाबाईकडील प्रतीच्या समासात, लाल शाईने, वेगळ्या अक्षरात)

कलम ४ बरोबर. कलम ५ मंजूर. कलम ७ चूक: शिंक कोरडी वाटते, पुन्हा घ्यावी लागेल. धुळ्याचं लग्न आटोपलं. नाना, उद्या सकाळी दहाला वर या, सोमवारपर्यंत चार दिवस शे.