जिजीच्या खांद्याला झेपेल असं मशीन

शुक्र. ५ जाने. १९९६
सकाळी तिसऱ्या मजल्यावर धूळ ओढायच्या मशीनमधून धूर. जिजी ओरडली, मी पिन उपटली. मोटर गेली. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. ते धूड मी नि जिजी दोन बाजूंनी धरून चार मजले चढवायचो. साड्यांच्या ह्या मार्केटची लिफ्ट दहाला सुरू होते, आणि तेव्हा आमचं झाडून पुसून झालेलं असतं.
नटुभाई आले. सफाईचं कंत्राट त्यांचं. आम्ही तिघी त्यांच्याकडे – मी, जिजी, मंगल. मला बाजूला बोलावलं. "शोभाबेन, नवुं लेवानुं छे. आ वखते तमे ज जुओ. वापरवानुं तमारे छे."
मी बघू? दोनदा विचारलं. म्हणाले, मागच्या वेळी माझ्या मनाने आणलं, वर्षभर तुमचे चेहरे बघितले.
लग्नातली साडीसुद्धा मला कोणी निवडू दिली नव्हती. काकांनी आणली, मी नेसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं. मागाच्या आवाजाने ह्यांना आता कमी ऐकू येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. शेजारणीलाही कळलं.

रवि. ७ जाने.
जिजी दुपारी आली. तिच्या खांद्याला तेल चोळलं. दिवाळीपासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणीसुद्धा घालता येईना म्हणून आज मीच घातली. केसांत साडीच्या तीन टिकल्या सापडल्या, एक हिरवी, दोन सोनेरी. आम्हा तिघींच्या अंगावर असतातच त्या. कणकेत निघतात, पोरांच्या वह्यांत निघतात.
वेणी घालताना आठवत राहिलं. लग्न होऊन डिंडोलीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. भाषा येत नव्हती, नळावर भांडता येत नव्हतं. हे बारा तास कारखान्यात. चाळीत दोन खोल्या सोडून जिजी. ती आमच्या अमळनेरकडची, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पंधरा दिवसांनी हाताला धरून तिच्या कारखान्यात घेऊन गेली. मागांच्या मधल्या गल्ल्यांत पांढरा भुगा घोट्याएवढा. मी अंगण झाडतात तसा झाडू मारला, सगळा भुगा हवेत. जिजीने हात धरला. "मारू नको, वढ." ओलं पोतं पुढे, झाडू मागे, हलक्या हाताने ओढत न्यायचं. संध्याकाळपर्यंत जमलं. तिने तिच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली, ठेच्यासकट.
आज त्या भाकरीची चव जिभेवर आली. खरंच आली.

बुध. १० जाने.
पहिलं मशीन दाखवायला एक टायवाले भाई आले. स्टीलचं मोठं पिंप, खाली चाकं. ओढ जबरदस्त. गालिच्यातल्या टिकल्या, जरीचे तुकडे, सगळं एका दमात गिळलं. पाणीसुद्धा ओढतं म्हणे. नळी धरून जिजी पुढे चालली तर पिंप गडगडत तिच्या मागे. जिजी वळून म्हणाली, "हाई कुत्रं शे का? मांगेमांगे येस."
मंगल हसून हसून खाली बसली. मग तशीच बसून राहिली. तिला चौथा महिना, हसलं तरी दम लागतो.
पण कुत्रं जिना चढत नाही. दोघींनीच उचलावं लागेल, म्हणजे पुन्हा तेच.
भाईंना म्हटलं, हलकं दाखवा. म्हणाले, हलकं पाहिजे तर ओढ कमी मिळेल. म्हटलं, किती कमी ते मी बघते.

रवि. १४ जाने.
उत्तरायण. सकाळपासून गच्चीवर. ह्यांनी सहा पतंग कापले. कोणी "काइपो छे" ओरडलं की ह्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी पाठीवर थाप मारते. जिजी तिळाचे लाडू घेऊन आली, पायरीवर बसली. पूर्वी फिरकी तीच धरायची. आज डाव्या हाताने धरली, दोरा अडकला, तिने फिरकी मुकाट्याने माझ्याकडे दिली.
दुपारी उंधियो. रात्रीसाठी काही करायचं नाही.

मंगळ. १६ जाने.
दुसरं मशीन. खांद्याला पट्टा लावून पाठीमागे टाकायचं, लहान, निळं. भाई म्हणे, "बेन, फूल जेवुं हलकुं." कागदावर साडेचार किलो लिहिलेलं.
म्हटलं चला. मार्केटच्या मागे रद्दीवाल्याचा तराजू आहे, तिथे नेलं. टायवाले भाई रद्दीत उभे, लाजले. नुसतं मशीन साडेचारच भरलं, खोटं नव्हतं. मग नळी, पुढचा ब्रश, वायर, सगळं ठेवायला लावलं. सहाच्या वर गेलं. "आता धुळीची पिशवी भरून ठेवा." रद्दीवाला म्हणाला, ही बाई उद्या माझ्याकडेच कामाला येऊ दे.
सात किलो धरायचं. म्हणजे अर्धा हंडा पाणी. आम्ही बायका हंड्यावरच मोजतो. अर्धा हंडा मंगल नेईल का? मी नेईन. जिजी डाव्या खांद्यावर नेईल.
वर आणून चालवलं. गादीच्या कडेला, गालिच्यावर दोन फेऱ्या मारल्या की टिकल्या येतात. पिंपाला एक फेरी पुरते, एवढाच फरक. पिशवी कापडी, झटकता येते, पण झटकताना जिजीला खोकला. कागदी पिशवी बसते का विचारलं. बसते. वायर दुकानाच्या दारातल्या प्लगपासून शेवटच्या गादीपर्यंत पोचते का? हातभर कमी पडते. लिहून घेतलं.
इतके प्रश्न मी आयुष्यात कोणाला विचारले नसतील. जिजी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. आईने बघावं तसं.

गुरु. १८ जाने.
नटुभाईंना सांगितलं, निळं घ्या. वायर लांब करून घ्या, कागदी पिशव्या घ्या.
खूश झाले. म्हणाले, हे एकटी बाई चालवते ना? म्हटलं, हो. म्हणाले, मग मार्केटला दोघी बस. "जिजीने हवे आराम आपो," म्हणजे तिला आता आराम द्या. वाईट मनाने नाही म्हणाले. खांद्याचं त्यांनाही दिसतं.
जिना उतरताना कठडा धरून उतरले.
जिच्या खांद्यासाठी हलकं शोधलं, तिलाच –

शनि. २० जाने.
आज खोटं बोलले. नटुभाईंना सांगितलं, निळ्याची ओढ कमी आहे, गालिचे साफ होत नाहीत, शेठलोक तक्रार करतील. पिंपच घ्या. पिंप उचलायला दोघी लागतात, तिसरी ब्रश धरायला. तिघी लागतीलच.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पाक्कुं?"
पक्कं, म्हटलं. सोमवारी सांगून टाकतो म्हणाले.
घरी स्वयंपाकात लक्ष नव्हतं. ह्यांनी विचारलं काय झालं. ह्यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि असलं काही ओरडून सांगता येत नाही. काही नाही म्हटलं.

रवि. २१ जाने.
जिजी सकाळीच आली. हातात शेंगांची चटणी, पण चेहरा वेगळा. मंगलने काल ऐकलं होतं सगळं, तिने सांगितलं.
"तू खोटं बोलनी."
मी भांडी घासत राहिले.
"मन्हासाठे?"
मग मीच बोलत सुटले. कारखान्यापासूनचं सगळं काढलं. तो कारखाना बंद झाला तेव्हा हिला मार्केटचं काम मिळालं होतं, तर म्हणाली, शोभा येईल तरच येते. प्लेगच्या साली निम्मी चाळ गावाला पळाली, ही माझ्या पोरांना घेऊन माझ्या घरात राहिली, मी तापाने पडलेली असताना. साधाच ताप निघाला, पण तेव्हा कोणाला माहीत होतं? मी म्हटलं, आता तुलाच मी घरी बसवू?
तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंगलना पोटमा पोर शे. ते पिंप कोण उचलई?"
मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.
म्हणाली, तुझा खांदा माझ्यासारखा व्हावा म्हणून मी तुला झाडू शिकवला नाही. मला वाईट वाटतंय ते मशीनचं नाही. तू निवडलेलं तूच खोटं पाडलंस, त्याचं वाटतंय. मंगळवारी त्या रद्दीवाल्याकडे तू कशी उभी होतीस.
चटणी ठेवून गेली. चहा घेतला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

सोम. २२ जाने.
सात वाजताच नटुभाईंच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसले. ते आल्या आल्या सांगितलं, परवा मी खोटं बोलले, निळंच चांगलं आहे, आणि का बोलले तेही सांगितलं.
त्यांनी फाइल बाजूला ठेवली. म्हणाले, "मने खबर हती." ठाऊकच होतं म्हणजे. पिंप मागवलंच नव्हतं त्यांनी.
मग मी दुसरं मागितलं. पर्वत पाटियाजवळ एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्याची सफाई त्यांना मिळायची आहे असं कानावर आलं होतं. तळमजला, दोन खोल्या, जिना नाही. तो जिजीला द्या.
"जोईशुं."
गुजरातीत जोईशुं म्हणजे बघू. ते हो पण असतं, नाही पण असतं.

शनि. २७ जाने.
मशीन आलं. नारळ जिजीनेच फोडला, डाव्या हाताने. महिना संपेपर्यंत ती आहे. खोबरं वाटलं.
नऊ वाजता चारही मजले झाले. पूर्वी दहा वाजत यायचे. पाठ दुखत नाही. मंगल बसून फक्त गाद्यांच्या चादरी घड्या करते.
पण एक गोष्ट मी तराजूत घातलीच नव्हती. जुनं धूड फक्त गालिच्यांपुरतं लावायचो, बाकी झाडूच, आणि झाडू मारताना आम्ही बोलायचो. पहिल्या मजल्यावर कोणाच्या घरी काय, दुसऱ्यावर गावाकडचं, तिसऱ्यावर जिजीची एखादी जुनी गोष्ट. कधी नवऱ्याची, तो बैलगाडीतून तिला जत्रेला कसा घेऊन गेला ती. चौथ्या मजल्यापर्यंत गोष्ट संपायची नाही, मग घरी चालत जाताना पुरी. एका गोष्टीत आठ दिवस जायचे.
आता मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आज जिजी ओठ हलवत होती. मी बंद करून विचारलं, काय? म्हणाली, काही नाही, चालू दे.
ह्यांचं जग असं असेल.

गुरु. १ फेब्रु.
जिजी गावाला गेली. भाच्याचं लग्न. उधन्याला पोचवायला गेले. पिशव्या दोन, आणि पत्र्याची पेटीसुद्धा. लग्नाला पेटी कशाला, म्हटलं. म्हणाली, भांडी द्यायची आहेत नवरीला.
खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे.
फलाटावर पोंक, म्हणजे आपला हुरडा, विकणारा होता. तिला आवडतो म्हणून घेतला, वर शेव, लिंबू पिळून. दोघींनी एकाच कागदात खाल्ला. म्हटलं, नटुभाई दवाखान्याचं बघतायत. म्हणाली, "दखू."
भुसावळची गाडी आली. गर्दी. आत चढताना तिने उजवा हात दांडीला लावला, पोचला नाही, मग डावा. मी मागून आधार दिला. खिडकीतून म्हणाली, "रडू नको. गाडी सुटी ऱ्हायनी."
रडत नव्हते. मग रडले.

मंगळ. ६ फेब्रु.
लग्न काल झालं असेल. वायर दारात अडकते, नटुभाईंना सांगायचं. मंगलला आता पायाला सूज. तिलाही थांबवावं लागेल. मग मी एकटी, नि निळं.

सोम. १२ फेब्रु.
नटुभाई स्वतःहून म्हणाले, दवाखाना मिळाला, गुरुवारपासून. "जिजी आवशे ने?"
येईल, म्हटलं. हे खोटं नाही, हे मला माहीत नाही.
पोस्टकार्ड लिहिलं. जिजीला वाचता येत नाही, भाचा वाचून दाखवेल, म्हणून जास्त काही लिहिता आलं नाही. दवाखाना तळमजल्यावर आहे. नळ दाराशीच. फरशी लहान, पुसायची फक्त, झाडू थोडा. डॉक्टरबाई शांत आहेत म्हणे. मंगल बरी आहे. तुझ्या खोलीतल्या अंथरुणाला काल ऊन दाखवलं. लवकर ये.
मग वाटलं 'लवकर ये' खोडावं. तिथे तिला गाव आहे, भाऊ आहे, भावजय गरम भाकरी वाढत असेल. इथे तिला काय? मी. खोडलं नाही. पोस्टात टाकलं.
पत्र पोचायला चार दिवस तरी. गुरुवार तीन दिवसांवर.

गुरु. १५ फेब्रु.
सकाळी सहाला पर्वत पाटियाला उतरले, मार्केटच्या आधी. जिजी येईपर्यंत तिची जागा धरायची. दवाखाना उघडून दिला कंपाउंडरने. हिरवी फरशी, औषधाचा वास, भिंतीवर बाळांचे फोटो. खिडकीशी एक बाकडं आहे, काम झालं की जिजीला बसायला बरं.
झाडू ओढला, मारला नाही. पुसून घेतलं. मशीनचा आवाज नाही, काही नाही. पाण्याचा तेवढा आवाज.
डॉक्टरबाई आल्या, चप्पल बाहेर काढून आत आल्या. फरशी बघितली. वही काढली. "नाम शुं तमारुं?"
मी म्हटलं, शेवंताबाई.
जिजीचं खरं नाव. त्यांनी लिहून घेतलं.