पिंजऱ्याची जागा

गिरगाव, मार्गशीर्ष, शके १८१७

प्रिय महादेव,

तुझा भाऊ कुशाबा धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग पुढे सरक. आणि हो, इकडून पत्र आलं की शेजारची शेवंता लगेच ओटीवर येऊन बसते, तुझ्याकडून वाचून घ्यायला. आज तिला काहीतरी सांगून परत पाठव. हे पत्र एकट्यानेच वाच.

लालबागच्या आमच्या गॅसच्या कारखान्यात साहेबाने पिंजऱ्यातली मुनिया आणवली, असं मागे लिहिलं होतं. तू हसला असशील. मीही हसलोच होतो. गिरगावातले दिवे ज्या गॅसवर जळतात तो आम्ही चुन्यातून गाळतो. चुना खराब झाला की गडी हौदात उतरून तो उपसतात. तिथे विषारी वायू साचला तर माणसाला पत्ताही लागत नाही, नुसती झोप आल्यासारखं होतं. पक्षी मात्र आधी डोलतो. तो डोलला की घमेलं टाकून वर पळायचं, एवढी साधी गोष्ट.

भांडण झालं ते पिंजरा टांगायचा कुठे यावरून. साहेबाने खिळा ठोकला दारात, स्वतःच्या नाकासमोर. अरे, माणसं खाली उकिडवी बसून चुना उपसतायत आणि पक्षी वर वारा खात गातोय! माझं डोकंच सणकलं. शाळेत मी मास्तरांशी हुज्जत घालायला लागलो की तू मागून सदरा ओढायचास, तसं ओढणारं इथे कोणी नव्हतं. बोललो. साहेब लालबुंद झाला, पण ऐकलं त्याने. पिंजरा खाली हौदात आला. त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी गेलो, तर घरात विचारलं, बढती मिळाली की काय!

पिंजरा सांभाळायचं काम कुशाबाने आपणहून घेतलं. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे, बेडूक आडवा आला तर जोत थांबवणारा माणूस. मंगळवारी मी पाहिलं, मुनिया डोलली की हा पिंजरा उचलून दारात नेतो, ती तरतरीत झाली की परत खाली आणतो, आणि बाकीचे आपले उपसतायतच! मी बोंबललो, अरे गाढवांनो, ती तुमच्यासाठी आहे. तर म्हणतो कसा, तिका बोलाक येना नाय, आमका येता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुक्या जिवाला विषात टाकून आपण पळायचं, हे त्यांना पटेचना. मी रवळनाथाची शपथ घातली, की आधी आरोळी आणि मग पक्षी. हो म्हणाला.

गुरुवारी मुनिया आडवीच झाली. कुशाबाने पिंजरा दारात नेला आणि तिच्या चोचीवर फुंकर घालत बसला. तिने डोळे उघडले तेव्हा त्याला आरोळीची आठवण झाली. बाकीचे धडपडत वर आले. शेवंताचा रामू मात्र खालीच घमेल्यावर हात टेकून बसला होता, दम खात असल्यासारखा. बसलाच राहिला.

साहेबाने दुसरी मुनिया आणलीय. पिंजरा साखळीने बांधून कुलूप घालायचा हुकूम आहे. उद्या ते कुलूप मीच घालणार, आणि तो पक्षी तिथेच मरणार. माझ्याने जेववत नाही रे.

महादेवा, शेवंताला अजून कुणी काही कळवलेलं नाही. तिच्या नवऱ्याला कुशाबाने अग्नी दिला, आणि आता तो पुढच्या शनिवारच्या आगबोटीने निघतोय. म्हणतो, रामूक मुंबैक मीच घेऊन इलंय, वहिनीक सांगूचा पण मीच. जुनी मुनिया तो कुणाच्या हाती देत नाही, पिंजऱ्यासकट बोटीत बसणार आहे. तेव्हा आधी शेवंताकडे जा, आणि मग धक्क्यावर. तो पिंजरा पाहून, पोरांसाठी रामूने काय धाडलंय, असं तिने कुशाबाला विचारता कामा नये.

तुझाच,
जयवंत