मानपत्रातला इंग्रजी शब्द

जुनी इंदूर,
८ जानेवारी २०२५

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आमच्या दत्त भजनी मंडळाला पंचवीस वर्षं झाली. दर गुरुवारी आपल्या घरी भजन आणि मग जेवायला वीस पानं, हे तू पाहिलंच आहेस. त्यानिमित्त मंडळ तुझ्या भावजयीचा, सुनंदाचा, सत्कार करणार आहे. मानपत्र आमच्या मंडळातल्या मनीषने इंग्रजीत लिहिलंय. मला म्हणतो, भिया, भिंतीवर टांगायला इंग्रजीच जमतं.

त्यात तिला ‘लाँग-सफरिंग’ म्हटलंय. डिक्शनरीत ‘सोशीक’ असा अर्थ सापडला, तरी मला तो शब्द खुपतो. गावच्या शाळेतलं माझं इंग्रजी, पण ‘सफर’ म्हणजे भोगणं एवढं कळतं. तू आयुष्यभर इंग्रजी शिकवलंस. वीस तारखेला छापायला द्यायचंय. देऊ का?

माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझा,
पंढरीनाथ

धार,
१३ जानेवारी

चि. पंढरीस अनेक आशीर्वाद.

सोबत चिमूटभर तिळगूळ आहे. शब्द मुळात मोठा आहे. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांतून तो रुळला. मूळ हिब्रूतला भाव असा, की ज्याला राग यायला फार वेळ लागतो तो. देवाबद्दल म्हटलंय ते. तुझ्यासारख्या जप करणाऱ्याला आवडेल.

पण आता तो बहुधा नवऱ्याचा जाच मुकाट सोसणाऱ्या बायकोला लावतात, तेही जरा हसून. वाचणारे तुझ्याकडे बघतील. मला काय विचारतोस? सुनंदाला विचार. पंचवीस वर्षांत एकदा तरी विचारायचं होतंस.

दोघांनाही आशीर्वाद.
अक्का

जुनी इंदूर,
२४ जानेवारी

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

विचारलं. ती पोळ्या लाटत होती. दोन्ही अर्थ सांगितले. म्हणाली, पहिला बरोबर आहे. मला राग यायला पंधरा वर्षं लागली, आणि आला तेव्हा तुम्ही डोळे मिटून नामस्मरण करत होतात. स्वयंपाकाचं तिला काही वाटत नाही. पण पंचवीस वर्षांत एक भजन समोर बसून ऐकलं नाही, कुकरच्या शिट्ट्यांमधून आलं तेवढंच, असं म्हणाली आणि पोळी उलटली.

दुसऱ्या सकाळी जपात मन लागेना. मानपत्र रद्द केलं. मनीष दोन दिवस बोलला नाही. मंडळींना सांगितलं, यापुढे प्रसाद खडीसाखर-फुटाण्यांचा, जेवण आपापल्या घरी. तिघं आलेच नाहीत.

काल सुनंदा पुढे बसली आणि टाळ मागून घेतले. तिचा ठेका सारखा चुकत होता. थोड्या वेळाने आम्ही सगळे तिच्याच ठेक्यावर म्हणू लागलो.

आशीर्वाद असावेत.
पंढरीनाथ आणि सुनंदा