हम्मादभाईंबरोबर बहिणीऐवजी कॅसेट

कतीफ, सौदी अरेबिया,
२१ फेब्रुवारी १९९१

ती. सदानंददादा यांस,

शिरीषचा साष्टांग नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला आता उतार असेल. इकडे युद्ध सोडलं तर आम्हा दोघांची प्रकृती उत्तम.

शोभनाला ताबडतोब पाठवा, हे तुमचं पत्र पोचलं. त्याप्रमाणे तुमची बहीण आज रत्नागिरीच्या हम्मादभाईंच्या कुटुंबाबरोबर बसने जेद्दाला आणि तिथून विमानाने मुंबईला निघायची होती. (तिच्या परवानगीच्या शिक्क्यासाठी मी कफीलकडे, म्हणजे इथल्या जामीनदार मालकाकडे, चार खेपा घातल्या.) प्रत्यक्षात हम्मादभाई तुम्हाला एक कॅसेट देतील, बहीण देणार नाहीत. कारण सांगतो.

आमच्या हॉस्पिटलात एसी दुरुस्त करणारा डर्मट नावाचा आयरिश गृहस्थ आहे. त्याचा बँड आहे. गावाकडची जुनी लोकगीतं, त्यांना गिटार आणि ड्रमची फोडणी. याला केल्टिक फोक-रॉक म्हणतात म्हणे. अल्बम सुरू झाला आणि युद्ध पेटलं, तशी त्यांची गायिका मायदेशी निघून गेली. पुढे एका सायरनला आम्ही सगळे विषारी वायूचे मास्क चढवून जिन्याखाली बसलो असताना शोभनाने (तुमच्या घरच्या गुरुवारच्या भजनाची सवय) मास्क काढून अभंग सुरू केला. सायरन थांबला तरी डर्मट उठेना. दुसऱ्या दिवशी गाण्यांचे कागद घेऊन दारात हजर. ते देवनागरीत मी उतरवून दिले.

अडचण एकच आली. शोभना ओळ म्हणायची आणि थांबायची, इतरांनी ती झेलावी म्हणून. बँड आपला पुढे निघून जायचा. शेवटी तिने बजावलं, "आधी माझ्या मागून म्हणा, मग काय ते वाजवा." आता डर्मट, ड्रमवाला आणि फिडलवाला प्रत्येक ओळ दोनदा मागून म्हणतात. चार मिनिटांचं गाणं चौदा मिनिटं चालतं आणि कॅसेटच्या एका बाजूला जेमतेम दोन मावतात.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या बाजूचं रेकॉर्डिंग चालू असताना (बटण माझ्याकडे) सायरन झाला. भजन अर्ध्यावर टाकून उठायचं नाही हा तुमच्याकडचा नियम. शोभना उठली नाही. ती उठेना म्हणून बँडही उठेना, एकटा डर्मट सोडून. कॅसेटमध्ये तिथे खुर्ची पडते आणि कुणीतरी "आई गं" म्हणत पळतं, तोच तो. माणूस हळवा आहे.

अजून चार गाणी व्हायची आहेत, तोवर शोभना हलणार नाही. माझं ती ऐकत नाही. तुम्ही थोरले, दम भरून पत्र लिहा. मला तिची फार काळजी वाटते.

आपला,
शिरीष

ता. क. हम्मादभाई परत येतील तेव्हा त्यांच्याबरोबर टाळ पाठवावेत. सध्या कँटीनच्या ताटल्यांवर भागवतो आहोत.

ता. क. २ कॅसेट ऐकताना तुमच्या लक्षात येईलच, डर्मटला मराठी येत नाही. तो शेवटपर्यंत तिच्या मागून ओळी म्हणत होता. पळालो तो मी. जिन्याखाली एकटा बसलो होतो, पण वरून तिचा आवाज येत होता, म्हणून धीर टिकला. दादा, दम भरू नका. ती गेली तर पुढच्या सायरनला माझं काही खरं नाही. टाळ मात्र दोन जोड पाठवा. एक माझ्या हातात राहील, म्हणजे उठून पळता येणार नाही.