शेवटच्या उड्डाणानंतरची बादली

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या ड्वेनचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला सोपं जातं, एरवी गुडघे ऐकत नाहीत.) तुझी कंबर कशी आहे? मक्याला कणसं धरली का? माझं म्हणशील तर ठीक आहे, म्हणजे पुढच्या महिन्यात हवाई दल मला घरी पाठवतंय.

चौतीस वर्षं झाली, ताई. सुरुवातीला मी खरोखर विमानं उडवायचो. मग बढत्या सुरू झाल्या. खांद्यावर जनरलपदाचा पहिला तारा मिळाला आणि विमान सुटलं, दुसऱ्यानंतर हातात फायली उरल्या, आणि तिसऱ्यापासून मी नुसता बैठकांना बसतोय. एकोणीस घरं बदलली. माझ्यामागे संसार हलवून हलवून पेगीने तर आता खोकी उघडणंच सोडलंय. (जत्रेतल्या पाळण्यात मला ओकारी झाली तेव्हा तू माझं डोकं धरलं होतंस, हे इथे कुणाला ठाऊक नाही. कृपा करून होऊ देऊ नकोस.)

आता तुझ्या रागाकडे येतो. पहिल्या ताऱ्याच्या दिवशी एका खांद्यावर पेगीने आणि दुसऱ्यावर तू तारा लावायचा, असं ठरलं होतं. तू नवा निळा झगा घालून, मांडीवर काकडीच्या लोणच्याची बरणी धरून, बावीस तास बसमधून आलीस. ऐन वेळी एक सिनेटर उगवले, तुझ्या वाटचा खांदा त्यांना गेला आणि तुला चौथ्या रांगेत बसवलं. मी ते पाहिलं आणि गप्प राहिलो. निघताना तू एवढंच म्हणालीस, "तुझ्या खांद्याला आता माझा हात पोचत नाही रे." तेव्हापासून नऊ वर्षं नाताळच्या कार्डावर तुझी नुसती सही येते. माझं चुकलं, ताई. तेव्हाही कळत होतं.

माफी मागायला तीनदा बसलो. सवयीने मजकूर कचेरीत दिला, तर माझी सहायक कॅप्टन ऑर्टेगा (मोठी कामसू पोरगी) तो टाइप करून घेऊन आली: विषय, भगिनीचा रोष. पार्श्वभूमी. उपलब्ध पर्याय तीन. त्यातल्या तिसऱ्यापुढे, 'क्षमायाचना: धोका मध्यम.' आणि मी त्यावर सही ठोकली! पेगीने तो कागद टराटरा फाडला. "तीन तारे मिरवतोस आणि बहिणीला चार ओळी लिहिता येत नाहीत? बस इथे, हाताने लिही!" म्हणून अक्षर हे असं आहे.

तुझा,
ड्वेन

ता. क. निरोप देताना आम्हाला एकदा विमान परत देतात; चौदा तारखेला, शुक्रवारी, माझं ते शेवटचं उड्डाण आहे. उतरल्यावर वैमानिकाला घरच्या माणसांनी पाण्याने भिजवायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. बंबवाल्यांना मी नको म्हणून सांगितलंय. गोठ्यातली दुधाची बादली घेऊन ये. पाणी हवं तेवढं गार घे.

ता. क. २. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तुझं नाव मी स्वतः सुतळीने बांधलंय. यंदा कुणीही उगवलं तरी ती हलणार नाही.

ता. क. ३. तो पहिला तारा मी डबीत जपून ठेवलाय. बादली ओतण्याआधी तो माझ्या खांद्यावर लाव. हात पोचेल. गुडघे दुखले तरी मी वाकेन.