रफू केलेली हार्ड डिस्क

४ मार्च. दुपार.
फोन म्हणतो जागा नाही. काल पण तेच म्हणाला. एकदा सांगितलं की मला कळतं, पण ह्याचं आपलं चालूच. जागा असणार कुठून? आत ढबू आहे. ढबू जांभई देताना, ढबू चमचा फेकताना, ढबू तोच चमचा परत फेकताना. नात एकच, पण तऱ्हा किती! ह्यातलं एकही पुसायचं नाही. ठरलं.

परवाची मोठी गोष्ट लिहायचीच राहिली. ढबू चालली! आमच्याच घरात, पलंगापासून दारापर्यंत, माझ्या डोळ्यांदेखत. लेक माझी हॉस्पिटलात ड्यूटीवर. संध्याकाळी पोरीला न्यायला आली, तिला सांगितलं तर चप्पल न काढताच खाली बसली. म्हणाली, आई, नेमकं मी नसतानाच का गं? मी म्हटलं, डोळे कशाला पुसतेस, मी सगळं शूट केलंय. दाखव म्हणाली. पण तेवढा एक व्हिडिओ गिळून फोनचं पोट फुगलं, उघडेचना. मग म्हटलं थांब, सतराला ढबूचा वाढदिवस आहे, मोठ्या टीव्हीवरच दाखवते.

मी स्वतः अजून पाहिला नाही. मला काय गरज, मी होतेच की तिथं. शूटिंग करताना लोक फोनकडे बघत बसतात आणि समोरचं हुकतं. मी फोन उंच धरला आणि डोळे लेकराकडे. ही युक्ती कुणी शिकवली नाही, आपली आपल्याला सुचली.

६ मार्च.
कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. कानावर पेन्सिल ठेवावी तसा हा स्क्रू-ड्रायव्हर ठेवतो. म्हटलं, माझी नात मावेल असं काहीतरी द्या. आधी घाबरला, मग समजला. हार्ड डिस्क घ्या म्हणाला. एक नवी दाखवली, एक रिफर्बिश्ड. म्हणजे काय विचारलं, तर वापरलेली, पण दुरुस्त करून, तपासून परत विकायला ठेवलेली.

अहो मग सरळ मराठीत सांगा की, रफू केलेली! शब्द तोच, साहेबी थाटात म्हणायचा एवढंच. तो म्हणाला, तसंच समजा आजी.

आता रफूतलं मला कुणी सांगू नये. चौथीनंतर शाळा सुटली ती टेलरच्या दुकानातच बसले, सगळं आयुष्य लोकांच्या कोटांना रफू करण्यात गेलं. माझ्या रफूची जागा कधी उसवली नाही. शेजारचं कापड फाटायचं, रफू जागच्या जागी. रिफर्बिश्डच घेतली. निळी आहे, साबणाच्या वडीएवढी.

निघताना तो म्हणाला, आजी, जुनी वस्तू आहे, एकाच ठिकाणी सगळं ठेवू नका, दोन प्रती करा. हे मन लावून ऐकलं.

घरी आमचे हे म्हणाले, एवढ्या मोलाच्या वस्तूसाठी नवीच घ्यायची होतीस. मी म्हटलं, तुम्ही तरी कुठं नवे आहात, चाललंय ना? मग पेपर वाचत बसले.

८ मार्च.
लेकीच्या जुन्या लॅपटॉपला डिस्क जोडली. ती लगेच टिकटिक करायला लागली. माझं शिलाई मशीन आठवलं. कामाला लागलेली वस्तू अशी बोलते. मुकी असती तर परत केली असती.

ढबू नावाचं फोल्डर केलं, सगळी ढबू त्यात टाकली. मग दुरुस्तीवाल्याचं आठवलं. त्याच्याच शेजारी दुसरं फोल्डर केलं, ढबू दोन. सगळी ढबू परत त्यात. झाल्या दोन प्रती, दोन ठिकाणी. नवशिके इथंच चुकतात.

चालण्याचा व्हिडिओ बघायचा मोह झाला. आवरला.

९ मार्च.
फोनमधली ढबू काढून टाकली. अगदी कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. फोन असा हलका झाला की लगेच आमच्या ह्यांचा घोरतानाचा व्हिडिओ काढला. छान आला.

११ मार्च.
लेक म्हणाली, आई, एकदाच दाखव, मी वाढदिवसाला परत पहिल्यांदा बघतेय असं तोंड करीन. मी म्हटलं, ते तुला लहानपणापासून जमत नाही. मग म्हणाली, बरं, हात सोडल्यावर ती हसत होती का घाबरली होती, एवढं तरी सांग. मी म्हटलं, बघशीलच की. सतराची ड्यूटी बदलून घेतलीये म्हणे तिनं. रात्रपाळी अंगावर घेऊन. वेडी.

१३ मार्च.
डिस्क जरा मोठ्यानं टिकटिकते. हे जन्मभर लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करत होते, त्यामुळे आवाजातलं आपल्यालाच कळतं असा समज. म्हणाले, हे लक्षण ठीक नाही, परत नेऊन दाखव. एका कानानं ह्यांना ऐकू येत नाही. दुसऱ्यानं माझं ऐकत नाहीत. मी म्हटलं, तिला वाढदिवसाची घाई झालीये.

तरी लोकरीच्या टोपीत गुंडाळून ठेवली. काळजी म्हणून नव्हे, माया म्हणून.

१७ मार्च.
वाढदिवस झाला. केक बरा होता. ढबूनं त्यात हात घातला.

डिस्क टीव्हीला जोडली. सगळे प्लेट घेऊन बसले, लेक पुढं, जमिनीवर. टिक. टिक. टिक. टीव्ही म्हणाला काहीच सापडत नाही. मी म्हटलं, गरम होतेय. मग म्हटलं, टीव्ही जुना आहे. मग पिन काढून फुंकर मारली. जावई म्हणाले, आई, राहू द्या. नंतर बघू.

लेक उठली आणि सगळी भांडी घासून टाकली. घासलेली पण परत घासली.

१८ मार्च.
दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाला लावली आणि विचारलं, आजी, दुसरी प्रत कुठाय? मी म्हटलं, आतच आहे की, पहिलीच्या शेजारी. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर कानावरून काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

म्हणाला, थोडंफार निघालं तर बघतो. तो नीट बोलला नव्हता हे खरं. दोन ठिकाणी म्हणजे दोन डिस्कवर, असं फोड करून सांगावं माणसानं.

२१ मार्च.
दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. जांभया गेल्या. चमचे गेले. असू दे. जांभया ढबू रोज देते आणि चमचाही अजून फेकते. पहिलं पाऊल मात्र ती परत टाकणार नाही. जेवण गेलं नाही. उकाड्यानं असेल.

लेक पोरीला सोडायला येते, पण दारातूनच जाते. घाई असते म्हणते.

२६ मार्च. संध्याकाळ.
दुरुस्तीवाल्याचा फोन. आजी, एकच मोठी फाइल वाचली. तारीख दोन मार्च.

दोन मार्च! माझा जीव भांड्यात पडला. लेकीला कळवलं, ती युनिफॉर्मवरच धावत आली. जावई आले. ह्यांनी चांगला कान टीव्हीकडे केला. दुरुस्तीवाल्यानं दिलेला पेन-ड्राइव्ह लावला आणि लागला व्हिडिओ. अगदी स्वच्छ.

माझं कपाळ. वरून. मधोमध भांग, टीव्हीभर. फोनचा कॅमेरा माझ्याकडे तोंड करून होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत कपाळ, आणि खालून माझा आवाज, आली, आली, अगंबाई, पडली, नाही पडली, आली गं आली!

मग लेक म्हणाली, आवाज वाढव. वाढवला. माझ्या ओरडण्याच्या मागं, फरशीवर, बारीकसं थप ऐकू आलं. मग थप थप. मग ढबूचं खिदळणं. लेक टीव्हीजवळ सरकली आणि म्हणाली, हसतच होती की गं. परत लाव. परत लावला. ती डोळे मिटून ऐकत होती, म्हणजे माझं कपाळ तिनं नीट पाहिलंच नाही.

एकूण डिस्कचा काही दोष नाही. जे दिलं ते तिनं जसंच्या तसं परत दिलं. फोन मात्र बदलायला हवा. ह्याच्यात कपाळ फार मोठं येतं.